स्वप्नात आलेली कामं

चौसाळा,
दि. ८ जून २०२५

प्रिय अण्णा,
शरणु शरणार्थी.

आम्ही सगळे ठीक. अप्पांचा गुडघा सध्या बरा आहे, दुकानाच्या माळ्यावर त्यांची चढउतार चालू असते. आईने तुझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी कुटून ठेवली आहे, पुण्याला जाणारं कुणी मिळालं की पाठवते. फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर तू "मजेत आहे" म्हणतोस आणि विषय संपतो, म्हणून.

तू सांगितलं होतंस, प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी माणसांना भेट, कोणत्या कामाला मागणी आहे आणि कोणत्या कामात समाधान आहे ते विचार. मी अगदी मन लावून विचारत हिंडले. पहिल्या प्रश्नाचं उत्तर सगळे पटकन देतात. दुसऱ्याला हसतात, नाहीतर चहा मागवतात.

आणि एक गंमत. ज्यांच्याकडे दिवसभर बसून येते त्यांचं काम मला स्वप्नात येतं. दवाखान्यातल्या सुकन्या सिस्टरकडून आले, तर स्वप्नात मी आपल्या दुकानातल्या साड्यांना सलाइन लावत होते आणि त्या एकेक करून डोळे उघडत होत्या. सोलार बसवणाऱ्या तानाजीकडून आले, तर गावाच्या वर काचेचं छत होतं आणि मी त्यावरून अनवाणी चालत होते. तळपायांना कोवळं ऊन लागत होतं. पतसंस्थेत बसून आले त्या दिवशी मात्र मेल्यासारखी झोपले. ते काम मी यादीतून काढून टाकलं. तू म्हणशील, ही कुठली पद्धत? पण तुझ्या पद्धतीने तरी कुठे काही कळत होतं.

अप्पांनाही विचारलं. कापड मोजता मोजता म्हणाले, "मागनी आता मोबाइलवरच्या दुकानाला हाय, माय." समाधानाचं विचारलं तेव्हा त्यांनी गज खाली ठेवला. "महांतेश शाळेतून येऊन घड्या घालायला बसायचा, तवा लई होतं." तुझं नाव घेतलं आणि गज उचलून पुन्हा मोजायला लागले.

आता खरं सांगते. उन्हाळाभर मी पहाटे मुक्ताबाईंच्या सीताफळाच्या बागेत जाते आहे. आपल्याकडे लुगडी घ्यायला येतात, त्याच मुक्ताबाई. तिथे ब्रशने फुलांना पराग लावायचं काम असतं. हाताने लावला की फळं जास्त धरतात. पहिल्या दिवशी मी छान उमललेली फुलं शोधून शोधून त्यांवर ब्रश फिरवला. मुक्ताबाई कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या.

"पोरी, ती आता फळायची न्हाईत. त्यांचा पराग घ्यायचा, अन् ही जराशीच फाकलेली हायत ना, त्यांला द्यायचा."

"तुम्हाला कुणी शिकवलं?"

"मोबाइलनं. एक साल सगळं चुकलं, मग जमलं."

डोंगराच्या उतारावर त्या वेळी अंधार आणि उजेड वेगळे झालेले नसतात. फुलांना पिकल्या फळाचा वास येतो. पाकळी हलकेच बाजूला करायची, ब्रश आत टेकवायचा, गोल फिरवायचा. मी जागी आहे की झोपेत, तेही कळत नाही. मुक्ताबाईंना दुसरा प्रश्न विचारायचा राहूनच गेला, कारण मला तो आठवलाच नाही.

मागणीचंही बघितलं, शेवटी तुझीच बहीण आहे. बागा वाढल्या आहेत आणि हे जाणणारी माणसं मिळत नाहीत. बीडजवळच्या उद्यानविद्येच्या कॉलेजला पहिली पसंती देणार आहे.

त्या बागेचंही स्वप्न पडलं. झाडाखाली तू बसला होतास, साड्यांच्या घड्या घालत. दिवाळीत आला होतास तेव्हा दुकानात असाच बसलास. आई जेवायला बोलावत होती आणि तू "एवढी एक" म्हणत होतास. तुझा तो चेहरा मी व्हिडिओ कॉलवर कधी पाहिला नाही. तुझ्या कॉम्प्युटरच्या कामाला तर सगळ्यांत जास्त मागणी आहे ना?

तू मला पुण्याला नर्सिंगला ये म्हणतोस. सुकन्या सिस्टर म्हणाल्या, "नर्सिंग तर बीडलाबी होतं की. पुण्याला कावून?" तेव्हा उमगलं, तुला घरात कुणीतरी हवं आहे. त्यानंतर कितीदा तरी अर्जात पुण्याचं नाव भरलं आणि काढलं. तू एकटा जेवतोस हे मनात आलं की मला घास उतरत नाही, अण्णा. तुझ्याजवळ यावं असं फार वाटतं. पण मी तिथे आले, तर माझ्यामुळे तूही तिथेच राहशील.

सगळ्यांना विचारलं, तुलाच विचारलं नाही. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत आहे. दुसऱ्याचं लिहून पाठव. "मजेत आहे" एवढं मात्र लिहू नकोस.

पुण्याला न येणारी, पण तुझीच,
ईशू