अप्पांची रायफल आणि एक नारळ

२४ मे

बंदूक मला! मला!! अप्पांनी मृत्युपत्रात पांढऱ्यावर काळं करून ठेवलंय – ‘माझी रायफल देचम्माला.’ कॉफी, मिरी, मूळघर सगळं नाणूला. ते त्याचंच. पण रायफल मला! वय वर्षं एकसष्ट आणि मी वकिलांसमोर चक्क टाळी वाजवली. ह्यांनी कोपराने ढोसलं – “अगं, मृत्युपत्र आहे ते, लॉटरी नव्हे.”

नाणूचं तोंड मात्र एवढंसं झालं. “अक्का, लग्न झालं तेव्हाच तू मोण्णप्पा भाऊजींच्या घरची झालीस. आपल्या घराण्याची बंदूक दुसऱ्या घराण्यात जाते का कधी?” धाकटा भाऊ, पण बोलायला लागला की आजोबा! मी तरी कुठली ऐकतेय. शब्दाने शब्द वाढला. शेवटी तोच ताडकन म्हणाला, “बरं. कैलपोळ्दच्या सणाला मैदानात ये. शस्त्रांची पूजा झाली की हीच बंदूक, एक नारळ, एक गोळी. फोडलास तर तुझी. नाहीतर मूळघराच्या भिंतीवर, कायमची.”

“मंजूर!” मी म्हणाले. ह्यांनी कपाळाला हात लावला.

तीन सप्टेंबर. शंभरेक दिवस आहेत. चाळीस वर्षांत बंदुकीला हात लावलेला नाही!

२५ मे

पहाटेपासून तिला मांडीवर घेऊन बसलेय. दस्त्यावर अप्पांच्या गालाचा डाग आहे – खरंच आहे! तेलकट, काळपट. नऊ वर्षांची असताना ह्याच दस्त्यावर मीही गाल टेकला होता. कॉफी वाळवायच्या खळ्याच्या कठड्यावर जामचे डबे मांडायचे अप्पा. “श्वास सोड, देचू. अर्धा सोडलास की थांब.” नाणू तेव्हा मैसूरला बोर्डिंगात. सुटीत यायचा तेव्हा मिरी काढायची धांदल, अप्पांना वेळ नसायचा.

काल जाताना तो दारात म्हणाला होता, “मला त्यांनी कधी हातसुद्धा लावू दिला नाही हिला.” मी भांडणाच्या भरात होते. ऐकलं आणि सोडून दिलं.

३० मे

हसून हसून पोट दुखतंय.

विराजपेटला चेंगप्पा हवालदारांकडे गेले. पलटणीत तीस वर्षं बंदुका दुरुस्त केलेला माणूस. मी मोठ्या ऐटीत सांगितलं – ही पणजोबांची वाघाची बंदूक. १९०८ साली ह्याच बंदुकीने त्यांनी वाघ लोळवला, दिवाणखान्यात फोटो आहे. हवालदारांनी चष्मा लावला. चापाखालचा दांडा खाली ओढला, नळीतून उजेडाकडे बघितलं, रॉकेलच्या बोळ्याने वर्षानुवर्षांचा मळ पुसला. आणि थांबले.

“देचम्मा, ही पॉइंट टू-टू आहे.”

“म्हणजे?”

“म्हणजे निशाणेबाजीच्या क्लबातली. कागदावर नेम धरायची. गोळी वाटाण्याएवढी. ही वाघाला मारली असती तर वाघाने मागे वळून विचारलं असतं – कोण रे तो, खाजवतोय कोण?”

आणि वर साल! बारीक कोरलेलं, १९३१. वाघ मेला १९०८ला, पणजोबा गेले १९२२ला. घरी येऊन फोटो भिंगातून बघितला. पणजोबांच्या हातातली बंदूक वेगळीच, जाडजूड! तीन पिढ्या आम्ही पाहुण्यांना भलतीच बंदूक दाखवतोय. हे म्हणाले, “निदान वाघ तरी तोच आहे ना, तेवढं बघून घे.”

हवालदार म्हणाले नळी आरशासारखी आहे, अप्पांनी तिला पोटच्या पोरीसारखं सांभाळलंय. कमानी तेवढ्या बदलून देतो म्हणाले. काडतुसं कुठली, कशी, सगळं कागदावर लिहून दिलं.

६ जून

आई गं! काय करून बसले!

कमानी बदलून बंदूक आली. दुपारी चार वाजता मागच्या बांधावर गेले. मातीच्या ढिगाला नेम. एक बार काढला – ठाक! इतका आनंद झाला की लगेच दुसरा भरला – ठाक!

दोन बार. पाठोपाठ. भरल्या घरातून.

घरात कुणी गेलं की आमच्याकडे दोन बार काढतात, हे मी विसरले. मी! ह्या मातीत जन्मले, इथेच म्हातारी झाले, आणि विसरले! ओढ्यापलीकडच्या माचव्वाचे कान किती तिखट. तिने मोजले. घरोघरी फोन केले. वीस मिनिटांत अंगणात अकरा माणसं, पांढरे कपडे, अनवाणी पाय. हे व्हरांड्यात आरामखुर्चीत तोंडावर रुमाल टाकून झोपलेले. माचव्वाने खुर्चीपाशी बसकण मारली आणि गळा काढला – “मोण्णप्पा! काल तर माझ्याकडून फणस घेऊन गेलास रे!”

ह्यांनी रुमाल बाजूला केला. “कच्चा निघाला तो.”

माचव्वा मागच्या मागे कुंडीवर पडली. कुंडी फुटली, माचव्वा शाबूत. मी बंदूक पाठीमागे लपवून उभी. मग हसू, मग शिव्या, मग कॉफी. अकरा माणसांना कॉफी करून घामाघूम झाले. माचव्वा जाताना म्हणाली, “पुढच्या वेळी खरं असलं तरी मी येणार नाही, सांगून ठेवते!”

७ जून

काल लिहायचं राहिलं. लिहवलं नाही.

सगळे गेले तेव्हा अंधारून यायला लागलं होतं, आणि फाटकातून नाणूची गाडी वेड्यासारखी आत आली. माचव्वाने मैसूरला नाणूच्या घरी पण फोन केला होता – ‘तुझ्या अक्काच्या घरून दोन बार.’ त्याने आमच्याकडे दहादा लावला, पण आमचा फोन ह्या गर्दीत उशीखाली. तीन तासांचा रस्ता तो एक घोटही पाणी न पिता आला. पायात चप्पल नाही. मला दारात बघितलं आणि पायरीवर मटकन बसला. मी पाणी दिलं, ते गटागट प्यायला.

मग बोलला ते सगळं ओरडणंच. “साठी उलटली तरी अक्कल नाही! लहान मुलीसारखी बंदूक घेऊन नाचतेस!” मी म्हटलं, “जेवून जा.” जेवला. मागून दोनदा डुकराच्या मटणाची पंदी करी वाढून घेतली. जाताना म्हणाला, “पैज पैजेच्या जागी आहे हं. ती सोडत नाही.”

सोडू नकोसच म्हटलं!

२१ जून

लागला! पंचवीस पावलांवर दोरीला नारळ टांगला आणि सातव्या गोळीला लागला! नारळाला पत्ताच नाही बिचाऱ्याला. वाटाण्याएवढं भोक, त्यातून पाण्याची बारीक धार. हे धावत जाऊन खाली भांडं धरून उभे! म्हणे, “फुकट कशाला घालवायचं?” नियमाप्रमाणे पाणी आलं की नारळ फुटला असंच धरतात. म्हणजे मी जिंकू शकते! खांदा सुजलाय का बघितला. नाही सुजला. एवढीशी तर बंदूक. उगाच हळद लावली.

मैदानात मात्र नारळ सिल्व्हर ओकच्या शेंड्याला. तिथून तो लिंबाएवढा दिसेल.

१६ जुलै

उद्यापासून कक्कड महिना. शेतात लावणी, बंदुका देवघरात बंद. पूजा होईपर्यंत हात लावायचा नाही. माझी मूळघरी गेली, नाणूच्या ताब्यात. ठेवताना त्याने फडक्याने पुसली.

४ ऑगस्ट

जळवा, चिखल, पाऊस. झाडूच्या दांडीने नेम धरते. ते बघून माचव्वाने देवाला नमस्कार केला.

२ सप्टेंबर

झोप कसली येतेय! श्वास अर्धा सोड, देचू. अर्धा सोड.

३ सप्टेंबर

फुटला!!! फुटला!!! माझी झाली!!!

नीट लिहिते. नाही, नीट लिहिता येणारच नाही. सकाळी मूळघरी पूजा. सगळ्या बंदुकांना चंदन, नळीत कळलावीची फुलं. माझी सगळ्यांत किरकोळ, पण सगळ्यांत देखणी. तांदळाचे कडंबुट्टू आणि पंदी करी पोटभर. मग मैदान. ढग असे दाटून आले की पंचांनी जाहीर केलं – पाऊस यायच्या आत उरकायचं, दोन झाडं, दोन नारळ, शिट्टीवर दोघांनी एकदम बार काढायचा.

डाव्या झाडाला मी. उजव्या झाडाला कोण? नाणू! त्याची ती तीनशे पंधरा बोअरची, जाड गोळीची धिप्पाड रायफल. अकरा वर्षांत त्याचा नारळ चुकलेला नाही. लोक म्हणाले, बहीण-भाऊ, मजा आहे! एका डोळ्याने नाणूकडे बघितलं. तो माझ्याकडे बघतच नव्हता.

शिट्टी. बार. आणि माझ्या नारळाच्या ठिकऱ्या! तीन तुकडे उडाले, पाण्याचा फवारा, खोबरं थेट पंचांच्या टोपीवर! मी नाचले. खरंच नाचले, साडी सावरत. माचव्वा मिठी मारून रडली, ह्या खेपेला खरी. आणि नाणूचा नारळ? जागच्या जागी! हलला सुद्धा नाही! अकरा वर्षांनी पहिल्यांदा चुकला! मी सगळ्यांसमोर विचारलं, “काय रे, झोप लागली होती का?” तो म्हणाला, “डोळ्यासमोर माशी आली.” मग स्वतः माझ्या हातात बंदूक दिली. “घे अक्का. तुझी.”

चेंगप्पा हवालदार तेवढे हसले नाहीत. नारळाचा एक तुकडा हातात घेऊन म्हणाले, “हिच्यात आज भलताच जोर आला होता.” मी म्हटलं, “पणजोबांची ना!”

५ सप्टेंबर

सकाळी परत मजा करावीशी वाटली. मैदानात जाऊन त्याच झाडाला नारळ चढवले, ह्यांना सोबत घेऊन. बऱ्याच गोळ्या गेल्या, पण तीन लागले. तीन नारळ, तीन भोकं. प्रत्येकातून ती बारीक धार. एकही फुटला नाही.

हे भांडं घेऊन पुढे झाले आणि मधेच थांबले. माझ्याकडे बघितलं. फोडून तीन तुकडे करते ती नाणूची तीनशे पंधरा. अकरा वर्षं बघतेय मी. माझी गोळी परवा कुठल्या ढगात गेली, देव जाणे.

आणि मी त्याला सगळ्या गावासमोर चिडवलं. तिथेच गवतावर बसून रडले.

संध्याकाळी त्याचा फोन आला. “बंदूक पुसलीस का, अक्का? पावसात गंज धरेल.” म्हटलं, पुसली. मग म्हटलं, “रविवारी इकडे ये. आमच्या कठड्यावर डबे मांडते. अप्पांनी मला शिकवलं तसं तुला शिकवते.”

मग म्हणाला, “किती वाजता येऊ?”