इंधन खर्च शून्य

सालवड (बोईसर), ३ फेब्रुवारी
प्रियदर्शिनी काल माहेरी गेली, पालघरला. कारण काय, तर सासऱ्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मी पोचलो नाही. सिम्युलेशन चालू होतं, मी काय करणार? पीएचडीचा विषयच तसा. अवकाशात बरोबरीने फिरणारे दोन उपग्रह, कमीत कमी इंधनात एकमेकांजवळ ठेवायचे.
संकल्प: फोन करायचा नाही. उगाच थ्रस्टर, म्हणजे उपग्रहाचं छोटं इंजिन, पेटवणाऱ्याचं इंधन आधी संपतं.

७ फेब्रुवारी, सकाळ
जमलं! प्रोग्रॅमचं उत्तर: इंधन खर्च शून्य. भल्याभल्यांना जमलं नाही ते मी बोईसरच्या कोपऱ्यात बसून केलं. हीच पद्धत घरी चालू आहे. तिचा मिस्ड कॉल होता. उलट केला नाही.

१२ फेब्रुवारी
तिचा पुन्हा फोन नाही. हळूहळू वाहत दूर जाणं, याला ड्रिफ्ट म्हणतात, घाबरायचं नसतं. पोहे करपले.
सासूबाईंचा फोन. म्हणाल्या, तिला वापीला नोकरी लागतेय, एकदा बोलून घ्या. मी म्हटलं, बघू. नंतर झोप येईना. चहा जास्त झाला असणार.

१७ फेब्रुवारी
गाइडना, केदार सरांना निकाल दाखवला. त्यांनी विचारलं, दोघांत अंतर किती उरलं? ते बघितलंच नव्हतं. प्रोग्रॅममध्ये अंतराची अट घालायचीच राहिली होती. आलेख काढला. चारशे किलोमीटर. सर म्हणाले, काहीच केलं नाही तर इंधन लागेल कशाला? सुरुवातीला जरासा धक्का पुरला असता. आता परत आणायला टाकी पुरायची नाही.
मला ती हवी आहे. इथे लिहायला हरकत नाही, कोण वाचतंय?
संकल्प: उद्या पालघर. पाया पडेन, रडेन, काय वाट्टेल ते.

१८ फेब्रुवारी
उमरोळीजवळ स्कूटरचं पेट्रोल संपलं. मान खाली घालून पंपापर्यंत ढकलत गेलो. समोरून रिक्षा येत होत्या, एकीतही बघितलं नाही.
पालघरला सासूबाई म्हणाल्या, ती तर मघाशी रिक्षाने तुमच्याकडेच गेली, वापीला जायच्या आधी शेवटचं विचारायला. तिथूनच फोन लावला. उचलला नाही.
तसाच परत. शेजारच्या चंद्रकांताकाकू म्हणाल्या, लय वेळ बसली व्हती, तुमी नाय आलात म्हून गेली. ओट्यावर दोन कप. एक धुतलेला. दुसऱ्यात चहा, वर बशी.
पुन्हा फोन लावला. कट केला तिने.
हिशेब मांडून बघितला. आज उमरोळीजवळ, क्षणभर का होईना, आमच्यातलं अंतर जवळजवळ शून्य होतं.