खगोलाचा पेपर

सर, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. मंगळवारी मी खगोलशास्त्राचा पेपर बंद करण्याच्या कागदावर विभागप्रमुख म्हणून सही केली. यंदा दोनच मुलींनी विषय घेतला होता. प्राचार्यांनी विचारलं, काही म्हणायचंय का. मी नाही म्हटलं आणि वर्गावर गेले.

तुम्ही आमच्या पळसदेवला आलात तो दिवस आठवतो. उन्हाळ्यात धरणाचं पाणी ओसरून जुनं देऊळ उघडं पडलंय, वडील अंगणात जाळं दुरुस्त करत बसलेत. मी बीएस्सी झालेली, घरात माझ्या लग्नाचं चाललंय. तुम्ही बारामतीहून एसटीनं आलात, जाळ्याशेजारीच बसलात आणि हिला एमएस्सीला पाठवा म्हणालात. वडिलांनी हातातली गाठ पुरी केली. मग विचारलं, "सर, तारं बघून पोरीला नोकरी लागंल का?"

"सांगता येत नाही," तुम्ही म्हणालात. "पण तिचं गणित माझ्यापेक्षा चांगलं आहे."

तुम्ही गेल्यावर वडील आईला म्हणाले, "माणूस खोटं बोलत न्हाय. जाऊ दे तिला."

तुम्ही वालचंदनगरच्या एका फिटरचा मुलगा. कॉलेजच्या दुर्बिणीचा आरसा तुम्ही घरच्या स्वयंपाकघरात, ओट्यावर, महिनोन् महिने हातानं घासलात. पिठात भुकटी जाते म्हणून काकू कणीक बाहेरच्या खोलीत मळायच्या. पुढं एका मोठ्या वेधशाळेतून बोलावणं आलं, तुम्ही गेला नाहीत. का, ते मी कधी विचारलं नाही.

तुम्ही निवृत्त झाल्यावर तुमच्या जागेवर मी लागले, त्या वर्षी दुर्बिणीतून कागदावर सूर्याची प्रतिमा पाडून मुलांना सौरडाग दाखवत होते. तुम्ही मागं उभे होतात. नंतर बाजूला घेऊन म्हणालात, "तो डाग नव्हता, भिंगावरची धूळ होती. माहीत नसेल तर तसं सांगायचं. पोरं तुझं खरं मानतात." त्या दिवशी मी डबा उघडला नाही.

तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हा उत्तरपत्रिका तपासत होते. उरलेल्या तपासल्या, मग निघाले. रडू आलं नाही. अजून आलेलं नाही.

मंगळवारीच दुपारी त्या दोघींपैकी एक स्टाफरूमच्या दारात आली. वडगाव निंबाळकरची आहे, रोज पहिल्या बाकावर बसायची. म्हणाली, "मॅडम, तुमी प्राचार्य सरांशी बोलला नव्हता का?"

"खूप बोलले," मी म्हटलं. "कुणी ऐकलं नाही."

तिनं माझे आभार मानले. खरंच मानले, सर.

तुम्ही असतात तरी हे पत्र मी तुम्हाला दिलं नसतं.