अक्कांच्या देवापुढं माउथ ऑर्गन

शुक्रवार, दिवे लागल्यावर

आज भजनाला माउथ ऑर्गन घेऊन गेले. भजन अक्कांकडं होतं, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, सोवळ्याच्या फार कडक. नात अनघा मला चार महिने हा बाजा शिकवतेय. एकदा देवापुढं आरती वाजवावी, एवढंच मनात होतं.

पिशवीतून काढला तशी अक्का म्हणाल्या, "तोंडाला लावलेला उष्टा बाजा देवापुढं? नको ग बाई."

मी म्हटलं, "मग अक्का, शंख काय नाकानं फुंकता?"

बायका अशा हसल्या! मला वाटलं, आता बोलणी खाते. पण अक्का त्यांच्या कानडी वळणानं म्हणाल्या, "सरी, बरं. वाजव स्वल्प."

सुरुवात छान झाली. पण ते सातवं भोक मेलं! एरवी फुंकायचं, मग ओढायचं, असं चालतं. सहावं ओढलं की मात्र सातवंही ओढायचंच. अनघानं शंभरदा सांगितलंय. मी फुंकलं. सूर गेला, दमही गेला, बायका गात पुढं. आता खाली ठेवावा का?

तेवढ्यात टाळ हळू झाले. टाळ अक्कांच्या हातात. माझ्याकडं न बघता त्यांनी सगळी आरती धीमी केली, मला ओळ सापडेपर्यंत. मग सातवंसुद्धा बरोबर आलं.

खिरीत गूळ कमी होता, ते असू दे. निघताना अक्का म्हणाल्या, "पुढच्या शुक्रवारी लवकर ये. आधी दोघी मिळून बसवू."