स्कॅनरखालचं कुलूप

तारनाका, हैदराबाद
३ फेब्रुवारी २०२५

चि. अनिरुद्धास,
आक्काचा जयभीम आणि आशीर्वाद. वि. वि.

मी फोनवर बोलायला लागले की बाबा शेजारी येऊन उभे राहतात, म्हणून पत्र. आई गेल्यापासून ते दिवसभर घरातली कुलपं तपासतात. दाराला आतून कुलूप लावून किल्ली बंडीच्या खिशात ठेवतात. मी दिसले नाही की खिडकीतून शेजाऱ्यांना हाका सुरू. दिवाळीपासून मी फाटकाबाहेर पाऊल टाकलेलं नाही. भाजीसुद्धा कामवाली राणीच आणते.

कोठी बाजारातले पुस्तकवाले हिम्मतराव जुनी पुस्तकं स्कॅन करायला घरी पाठवतात. दिवसातले तेवढेच दोन तास माझे. परवापासून स्कॅनर बंद आहे. लावला की नुसता खरखरतो, आणि कॉम्प्युटरला तो सापडतच नाही. मोबाइलचे फोटो हिम्मतरावांना चालत नाहीत. पंधरा तारखेपर्यंत पुस्तक गेलं नाही तर काम दुसऱ्याकडे जाईल. फार परेशान आहे, उपाय लिही.

तब्येत सांभाळ, आक्काची आठवण ठेव.
रूपाली

पुणे, ८ फेब्रुवारी

ती. आक्कास,
धाकट्याचा सविनय जयभीम.

लहानपणी माझा रेडिओ उघडून बसणारी तू आता मला विचारतेस, याचं हसू आलं. स्कॅनरची वायर मधल्या यूएसबी हबमधून काढून थेट कॉम्प्युटरच्या मागे लाव. सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाक. तरी खरखरला तर उलटा करून बघ. ने-आण करताना आतला दिवा हलू नये म्हणून खाली छोटं लॉक असतं.

बाबांसाठी माणूस ठेव, हे मी मागेही म्हटलं होतं. मे महिन्यात येतोच आहे.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
अनिरुद्ध

तारनाका, १३ फेब्रुवारी

चि. अनिरुद्धास आशीर्वाद.

वायर थेट लावली तेव्हा कॉम्प्युटरला स्कॅनर दिसला, पण खरखर तीच. उलटा केला तर लॉक फिरवलेलं. बाबांना विचारलं. शांतपणे म्हणाले, हौ, मीच लावलं, त्यावर कुलपाचं चित्र होतं. का लावलं विचारलं, तर म्हणाले की तो दिवा फिरायला लागला की तुला माझी हाक ऐकू येत नाही.

मी बाथरूममध्ये नळ सोडून बसले. किती वेळ, ठाऊक नाही. बाहेरून ते दार वाजवत होते.

लॉक उघडलं, पुस्तक वेळेत गेलं. माणूस दोनदा ठेवून पाहिला, बाबांनी दोघांनाही घरात घेतलं नाही. आता हिम्मतरावांनी दुकानात येऊन काम करशील का म्हणून विचारलंय. मी एक मार्चपासून हो म्हटलं आहे. तू त्याआधी ये. तुझं ऑफिसचं काम इथूनही होतं. हे विचारत नाही, कळवते आहे.

पत्रात उणं-अधिक झालं असेल तर राहू दे.
रूपाली

पुणे, १८ फेब्रुवारी

ती. आक्कास सविनय जयभीम.

सव्वीसला सकाळी पोहोचतो. जून संपेपर्यंत राहीन.

एक गोष्ट तुला सांगितली नव्हती. मागच्या खेपेला तू आंघोळीला गेली होतीस, तेव्हा बाबांनी मला लाइटचं मीटर बघायला आलेला माणूस समजून पाणी दिलं, आणि दारापर्यंत सोडायला आले. तेव्हापासून मी तारखा पुढे ढकलतो आहे. या वेळीही ओळखलं नाही, तर मी कोण म्हणून सांगायचं, तेवढं ठरवून ठेव.

तुझा धाकटा,
अनिरुद्ध