कासवाचं पाणी

जव्हार
१४ एप्रिल २०२५

ती. रंजनाताईस,
ममताचा सा. न. वि. वि.

आधी पाणी बघावं, मग दावं घ्यावं, असं बाबा म्हणाले होते. आठवतं? खोडाळ्याच्या बाजारात मी वासरासाठी रडत होते तेव्हा. हर्षालीला कासव घेऊन दिलं त्या दिवशी मला ते आठवलं नाही. आता रोज आठवतंय.

तुझा फोन लागत नाही, आणि लागला की आपण भांडतो, म्हणून लिहितेय. गौतम सर रोज इथून तुमच्या शाळेवर येतात, ते हे पत्र देतील.

चार मेपासून आम्ही अकरा दिवस कोल्हापूर-मालवणला जातोय. चार वर्षांतून एकदा मिळणारी प्रवासाची सवलत ह्यांनी मागच्या खेपेला अशीच वाया घालवली, यंदा मी हट्टच धरला. सगळं ठरलंय, अडलंय ते बटणाशी. बटण म्हणजे हर्षालीचं कासव. नाशिकच्या दुकानातून आणलं तेव्हा कोटाच्या बटणाएवढं होतं, आता ताटलीएवढं झालंय.

विचारायचं मी कुणाला ठेवलं नाही. शेजारच्या तुळशीदास सरांच्या दारात पितळी कासव आहे, रोज हळद-कुंकू वाहतात. पण वहिनी म्हणाल्या, ते बरं, ते आपल्याकडे बघत नाही. गुरांच्या डॉक्टरांनी दूध किती देतं म्हणून विचारलं आणि स्वतःच हसत सुटले. शाळेतल्या काशीबाईंचं म्हणणं, जयसागरात सोडून मोकळ्या व्हा. पण ही जात परदेशातली, ती तळ्यात सोडली तर इथल्या माशांना भारी पडते, असं हर्षालीने वाचलंय. घरी येऊन कुणी खायला घालावं म्हटलं, तर चावी कुणाला द्यायची नाही यावर हे ठाम आहेत.

राहिलीस तू. रोज चिमूटभर दाणे, अर्धा तास ऊन आणि दिवसाआड टबातलं पाणी बदलायचं. एवढंच.

दाजींना आणि रखमी मावशींना नमस्कार. नाही म्हणू नकोस.

तुझी,
ममता


पोशेरा
१७ एप्रिल

चि. सौ. ममतास,
ताईचे आशीर्वाद.

तुझं "एवढंच" मी दोनदा वाचलं. सासूबाईंनाही वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, पाणी बदलायचं म्हणजे जुन्या पाण्याचं काय करायचं, टाकून द्यायचं?

बाय, तू एप्रिल विसरलीस का? आमच्या पाड्याची विहीर आटली. टँकर दिवसाआड येतो, विहिरीत पाणी ओततो आणि जातो. मग आम्ही दोर टाकतो. शेजारची पारू आणि मी उजाडायच्या आधीच नंबर धरतो. नशीब असलं तर चार हंडे. चढ तू विसरली असशील, माझा खांदा विसरत नाही. हे ठाण्याला बांधकामावर आहेत, म्हणजे हंडा उचलायला मीच. भात धुतलेलं पाणी शेळी पिते. त्यानंतर टाकायला काही उरत नाही. तुझ्या टबाला किती लागतं, ते तू लिहिलं नाहीस.

आणि वासराचं लिहिलंस तर पुढचंही लिही. तू रडलीस म्हणून बाबांनी वासरू नाही तर शेळी घेतली. शेळी तुझी होती. तिला पाणी मी पाजत होते.

तरी तुला सरळ नाही म्हणवत नाही. ही माझी खोडच आहे. दुसरं कुणी मिळतंय का बघ.

हर्षालीला मुका. आम्ही बरे आहोत.

तुझी ताई


जव्हार
२० एप्रिल

ती. ताईस,
सा. न.

शेळीचं काढायची गरज नव्हती. मी दहा वर्षांची होते.

एप्रिल मी विसरलेली नाही. इथेही नळाला तासभरच पाणी येतं, टाकी भरून ठेवावी लागते. इथे काय चाललंय ते तुला ठाऊक नाही. कासवाची सोय झाल्याशिवाय हर्षाली यायला तयार नाही. हे म्हणतात, कासवासाठी घर अडून बसणार असेल तर जाणंच रद्द करू. तीन दिवस दोघांची बोलणी मी खातेय. लग्नाला सतरा वर्षं झाली, मी अजून समुद्र पाहिलेला नाही. पाहायचा म्हटलं तर मध्ये कासव.

टबाला दोन कळश्या लागतात. तुझ्यावर भार नको म्हणून उद्या गौतम सरांच्या गाडीवर बटणाबरोबर वीस लिटरचा पाण्याचा कॅनही पाठवतेय. चार दिवस बघ. जमलं तर मेमध्ये आठवड्याला एक कॅन पोचेल अशी व्यवस्था करीन.

यापेक्षा मी काय करू, ते तूच सांग.

ममता


पोशेरा
२५ एप्रिल

चि. सौ. ममतास,
आशीर्वाद.

बटण परत पाठवतेय. धडधाकट आहे. परवा माझं बोट चावलं, यावरून ताकद समज.

तुझ्या कॅनवर हर्षालीने कागद चिकटवला होता, "फक्त बटणासाठी". सासूबाईंना वाचता येत नाही. मी शेळी बांधून येईपर्यंत त्यांनी तांब्याभर ओतून घेतलं होतं. पिऊन म्हणाल्या, ममताच्या गावचं पाणी गोड आहे, पोरीने आठवण ठेवली. मी त्यांना कागदाचं सांगितलं नाही. कागद काढून चुलीत घातला आणि उरलेलं पाणी माठात ओतलं. म्हणजे तुझ्या कासवाचं पाणी आम्ही प्यायलो, हे आधी कबूल करते.

मग टब भरायचा कशाने? माझ्याच हंड्याने. तिसऱ्या दिवशी वास सुटला. जुनं पाणी शेळीपुढे ठेवलं तर तिने तोंड फिरवलं. अंगणात ओतलं, ते पारूने पाहिलं. विहिरीवर ती सगळ्यांदेखत म्हणाली, ज्यांच्या घरी कासवं पोहतात त्यांनी नंबर मागे धरावा. जिजा म्हणाली, विहिरीतच सोडा की, कासव असलं की पाणी साफ राहतं. सगळ्याजणींनी वाकून खाली बघितलं. पाणी घोट्याएवढं. हसायला आलं, मीही हसले. पण नंबर मागे गेला तो गेलाच. त्या दिवशी मला दोन हंडे मिळाले.

दुपारी ओट्यावर बसून मी त्या टबाकडे बघत राहिले. ते मान वर करून माझ्याकडे बघत होतं. राग कुणावर काढू, समजेना. त्याला कुणी विचारून आणलं नाही. तुझाही खूप आला, मग कॅन उचलताना तुझी पाठ भरली असेल असं वाटलं आणि तोही धड राहिला नाही.

मी काय करू ते सांग, असं तू लिहिलंस. सांगते. बाबांचं म्हणणं तूच काढलंस. दावं पोशेऱ्यात आणि पाणी जव्हारात, असं जनावर जगत नाही. पाणी तुझ्याकडे आहे, तर कासवही तिथेच राहू दे. अकरा दिवस मी येते. दाणे, ऊन, पाणी सगळं वेळेवर करीन. शेळी पारू सांभाळेल, तेवढे दिवस माझा नंबर तिला.

मागच्या मेमध्ये आम्ही तुझ्याकडे गोधड्या धुतल्या आणि टाकी रिकामी झाली. कमलेशराव गच्चीवर जाऊन टाकीचं झाकण लावून आले. ते आपटल्याचा आवाज माझ्या कानात आहे, म्हणून वर्षभर मी तुझ्या दारी आले नाही. तुला तो ऐकू आला होता की नाही, हे मी कधी विचारलं नाही. आताही विचारत नाही. ते नाहीच म्हणतील, आणि तू त्यांच्या मागे उभी राहून नाही म्हणशील, हे धरूनच लिहितेय.

रागावलीस तरी पत्र लिहायचं सोडू नकोस. हर्षालीला सांग, बटणाचं पाणी आजी प्यायली.

तुझी,
ताई

ता. क. सासूबाईंनाही आणीन. होळीपासून त्यांनी डोक्यावरून पाणी घेतलेलं नाही. जाताना टाकी भरून ठेव, झाकण उघडं ठेव, आणि चावी गौतम सरांजवळ दे.