बारा बॅटींचं वजन

४ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही नुसतं हं म्हणता आणि फोन आईकडे देता, म्हणून लिहिते.

दुकान उघडून नऊ आठवडे झाले. जागा म्हणजे बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीची अर्धी बाजू: दहा फूट बाय साडेबारा, वर पत्रा. खाली फुटबॉल, मधल्या फळीवर दोऱ्या, जाळी आणि शटल, सगळ्यात वर पत्र्याला लागून बारा क्रिकेट बॅटी. रस्त्यावरून त्याच आधी दिसतात. आतापर्यंत लोक जास्त करून फुटबॉलमध्ये हवा भरून घ्यायलाच आले. पलीकडचा न्हावी मला पंपवाल्या बाई म्हणतो.

आपलं ठरलेलं माझ्या लक्षात आहे. एकतीस मार्चपर्यंत दुकानाने मान धरली नाही, तर मी कारखान्याच्या मोजमाप विभागात परत हजर होणार. पण येत्या रविवारी आमचा आणि शेजारच्या गावाचा सामना आहे आणि दोन्ही संघांनी मिळून आठ बॅटी माझ्याकडून नेल्या आहेत. पंच आहेत शाळेचे खेळाचे सर. त्यांना माल पटला तर शाळेची वर्षभराची खरेदी इथून होईल. म्हणजे सगळं रविवारवर आहे.

एक किरकोळ गोष्ट. बॅटी आल्या तेव्हा प्रत्येकीचं वजन लिहून ठेवलं होतं. विकायच्या आधी पुन्हा केलं, तर प्रत्येक बॅट तीसेक ग्रॅम कमी. वजनकाटा बिघडला होता. माझ्याकडे प्रमाण वजन नाही, म्हणून बॅटींचं पहिलं वजन खरं धरून काटा जुळवून घेतला. आता चेंडू चार ग्रॅम जास्त भरतात. पुरवठादाराला कळवलं आहे.

आईला नमस्कार. राग असला तरी पत्र शेवटपर्यंत वाचलंत, याबद्दल आभार.

तुम्ही ठेवलेल्या नावाने सही करते,
फूटपट्टी

७ मार्च

चि. फूटपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

फोन केला असता, पण तू वाद घातला असतास. पत्राशी वाद घालता येत नाही. हे दुपारच्या बसच्या ड्रायव्हरकडे देतो आहे, संध्याकाळी तुझ्या हातात पडेल.

अगं, काटा बिघडला नव्हता. काटा खरं सांगत होता आणि तू त्याला गप्प केलंस. चाळीस वर्षं रंधा मारला मी, माझ्या पोटी जन्मून तू लाकूड पत्र्याखाली ठेवलंस. नऊ आठवडे ते वाळतं आहे. ते तीस ग्रॅम पाणी होतं. वाळलेली बॅट हातात हलकी आणि छान लागते, पण कडक चेंडू कडेवर बसला की चिरते. उडालेली ढलपी कोणाच्या डोळ्यात गेली तर दुकान राहू दे, तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

विकलेल्या आठही परत आण. सगळ्या खाली, सावलीच्या भिंतीला उभ्या कर, शेजारी ओलं गोणपाट ठेव. दहा दिवसांनी जवसाचं तेल, अगदी पातळ हात. मग लाकडी हातोडीने हळूहळू ठोकून घे.

नोकरीचं मी काही बोलत नाही. हे फक्त लाकडाबद्दल आहे. तब्येतीला जप.

बाबा

१० मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र शुक्रवारी सहा वाजता मिळालं. आधी पटलं नाही. वाण्याकडून किलोचं माप आणलं आणि माझ्या काट्यावर ठेवलं. एक हजार सव्वीस ग्रॅम. मग पटलं.

आमच्या संघाचा कर्णधार तोच न्हावी. त्याला बॅटी परत मागितल्या तर म्हणाला, सामना परवा आणि बाई आज दुकान गुंडाळायला निघाल्या. मी न विकलेली एक बॅट त्याच्यासमोर धरली आणि कडेवर चेंडू आपटला. चौथ्या फटक्याला बोटभर चीर गेली. त्याने लगेच चार बॅटी आणून दिल्या. शेजारच्या गावी शनिवारी सायकलने गेले. तिथला कर्णधार बस दुरुस्त करतो. त्याने सगळ्यांदेखत विचारलं, चूक कोणाची, कंपनीची का. मी सांगितलं, माझी. मग त्यानेच उरलेल्या चार बॅटी माझ्या सायकलला बांधून दिल्या.

सामना जुन्या, सुतळी गुंडाळलेल्या बॅटींवर झाला. आम्ही हरलो. मी सीमारेषेवर बसून एकतीस तारखेपर्यंतचे दिवस मोजत होते.

आज सर दुकानात आले. बॅटींची आणि वाण्याच्या मापाची गोष्ट त्यांच्या कानावर गेली होती. मी काही बोलायच्या आधीच त्यांनी गोणपाट बघितलं, त्याला हात लावून ओलं आहे का पाहिलं आणि शाळेची यादी टेबलावर ठेवली. दीड पान आहे. खाली एक अट लिहिली आहे: वजन वाण्याच्या मापाने करावं. हे त्यांनी गमतीने लिहिलं की खरंच, मला कळलं नाही. मी मान्य केलं.

नंतर दार ओढून घेऊन दहा मिनिटं स्टुलावर नुसती बसून राहिले. कोणाला कळवू नका, आईला चालेल.

तुमची,
फूटपट्टी

१४ मार्च

चि. फूटपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

आईने पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा मोठ्याने. शेजाऱ्यांनाही आता पाठ असेल.

चूक माझी म्हणालीस ते बरं केलंस. लाकडाचं काम करणाऱ्याला एवढं आलं पाहिजे.

तुझी वरची फळी काढावी लागेल आणि खाली तिरकी मांडणी करावी लागेल. तुझ्या हातून ते व्हायचं नाही, तू खिळा मारायच्या आधी त्याचं वजन करशील. भिंतीचं माप पाठव. पुढच्या रविवारी, तेवीसला येतो. दुकान बघायला येत नाहीये, फळी ठोकायला येतो आहे. गैरसमज नको.

बाबा

१७ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

कारखान्याला आज कळवलं, येत नाही म्हणून.

बॅटींमध्ये सरासरी नऊ ग्रॅम परत आले. काटा पूर्वीच्या जागी आणला आहे. चेंडू मुळात बरोबरच होते, पुरवठादाराची माफी मागितली.

भिंतीचं माप माझ्याकडे मिलिमीटरपर्यंत आहे. पाठवणार नाही. येऊन स्वतः घ्या.

वाट बघते आहे,
फूटपट्टी